ब्रेकचा किर्रर्र आवाज, पण पॅड तर जाड दिसतायत! घरी खोलून बघावं का?

अकरावी_गल्ली | रविवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी,

गाडी छोटी हॅचबॅक आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम. ६८ हजार किलोमीटर झालेत. गेले तीन आठवडे पुढच्या डाव्या चाकातून बारीक, लांबट किर्रर्र आवाज येतोय. आधी फक्त सकाळी यायचा, आता दिवसभर. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली की आई आवाजावरूनच चहाचं आधण ठेवते.

शहरातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. चाक काढलंच नाही. रिमच्या फटीतून बघितल्यासारखं केलं आणि 'दोन्ही डिस्क, पॅड, सगळं बदलायला लागेल' म्हणून ११,८०० रुपयांचा आकडा कागदावर लिहून दिला. घरी येऊन मी स्वतः त्याच फटीतून टॉर्च मारला. पॅड चांगला सात मिलिमीटर तरी दिसतोय. मग बदलायचं काय?

मी बँकेत आहे, मेकॅनिक नाही. पण वडिलांची स्कूटर खोलत मोठा झालोय, पाना हातात धरता येतो. घरी खोलून बघावं का? आणि सुरुवात कुठून करू?

पांढरा_रस्सा | ९:५२

कोल्हापूरची गाडी हाय भावा, काटाकिर्र असणारच!

बरं, आता कामाचं. ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली थरथरतंय का? स्टेअरिंग हलतंय का? थरथरत असंल तर डिस्क वाकडी झाल्याचा संशय. नुसता आवाज असंल तर ११,८०० कुणाला देऊ नको एवढ्यात.

अकरावी_गल्ली | ९:५८

थरथर अजिबात नाही. ब्रेकही नीट लागतो. गाडी एका बाजूला ओढत पण नाही, म्हणजे मला तरी जाणवलेलं नाही.

सावध_चालक | १०:१५

माझं मत कडू वाटेल, पण ब्रेक ही घरी शिकायची गोष्ट नाही. एसीचा फिल्टर बदला, वायपर बदला, खुशाल व्हिडिओ बघून करा. ब्रेकमध्ये चूक झाली तर त्याची किंमत रस्त्यावरचा दुसरा माणूस मोजतो. एक गॅरेज पटलं नाही तर दुसऱ्या गॅरेजमध्ये जा.

इंजिनियरबाई | १०:४०

सावध यांचा मुद्दा रास्त आहे, पण बघायला काय हरकत? खोलणं पुढची गोष्ट. आधी कानाने काम करा. अकरावी, आज गाडी घेऊन एक चक्कर मारा आणि एवढंच सांगा: आवाज ब्रेक दाबल्यावर सुरू होतो, की ब्रेक न दाबता गाडी नुसती चालतानाही येतो? आणि दाबल्यावर वाढतो की थांबतो? काच खाली घ्या आणि कंपाउंडच्या भिंतीकडेने हळू चालवा, भिंतीवरून आवाज परत येतो त्यामुळे बाजू नक्की कळते.

गगनबावडेकर | ११:०५

आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याच गाड्या सकाळी ओरडतात. रात्रभर पाऊस, सकाळी डिस्कवर तांबूस थर. पहिले चार-पाच ब्रेक खर्रखर्र, मग गप्प. त्यात करण्यासारखं काही नसतं. पण दिवसभर आवाज म्हणजे ते नव्हे.

दुसरं, खडी. रस्त्याचं काम चाललेल्या पट्ट्यातून गेलं की एखादा बारीक खडा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये अडकतो. आवाज असा येतो की वाटतं चाक निखळलं! थोडं रिव्हर्स घेतलं की पडतो बऱ्याचदा. मी एकदा करूळ घाट उतरून अख्खा परत चढलो होतो त्या आवाजासकट, आणि खडा निघाला हरभऱ्याएवढा.

अकरावी_गल्ली | दुपारी १२:३०

सागरमाळ, सायबर चौक असं फिरून आलो. इंजिनियरबाई, तुम्ही विचारलंत म्हणून लक्ष दिलं, आणि उलटंच निघालं. आवाज ब्रेक न दाबता येतो, साधारण तिशीच्या वेगात. ब्रेकवर हलका पाय ठेवला की थांबतो! पाय काढला की परत किर्रर्र. तीन आठवडे मी 'ब्रेक मारला की आवाज येतो' असंच सगळ्यांना सांगत होतो.

खडा असेल म्हणून रिव्हर्सपण घेऊन बघितलं. फरक नाही.

भट्टीवाला | १२:५५

हे महत्त्वाचं सांगितलंत. मी गॅरेजवाला नाही, शिरोलीला फाउंड्रीत आयुष्य गेलं, ब्रेक डिस्क आणि ड्रमची कास्टिंगं डोळ्यांखालून गेली आहेत. त्यामुळे थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

बऱ्याच पॅडना एक छोटी पोलादी पत्री लावलेली असते. पॅडचा मसाला (डिस्कला घासणारा थर) झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती पत्री फिरत्या डिस्कला घासते आणि किंचाळते. ती मुद्दाम ओरडायलाच ठेवलेली असते. पुष्कळदा ब्रेक दाबला की पत्री डिस्कवर दाबली जाते, तिचं थरथरणं थांबतं, म्हणून आवाजही थांबतो. तुमची लक्षणं तंतोतंत ती आहेत.

आता तुम्ही म्हणाल पॅड सात मिलिमीटर दिसतोय. दिसतोय तो बाहेरचा पॅड. डिस्कच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला दुसरा पॅड असतो, तो रिमच्या फटीतून दिसत नाही. ओरडणारी पत्री बहुतेक गाड्यांना त्या आतल्या पॅडवर असते. तुम्हीही बाहेरचा बघितलात आणि गॅरेजवाल्यानेही तोच बघितला. फरक इतकाच की तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात आणि तो 'सगळं बदला' म्हणाला.

पांढरा_रस्सा | १:०२

काका, दंडवत! वाखुसा (वाचनखूण साठवली).

इंजिनियरबाई | १:२०

भट्टीवाला काकांशी पूर्ण सहमत. मग पुढचा प्रश्न: बाहेरचा सात आणि आतला दोन, हा फरक पडलाच का? दोन्ही बरोबरीने झिजायला हवेत.

छोट्या गाड्यांत पुढचा कॅलिपर (दोन्ही पॅड डिस्कवर आवळणारा चिमटा) तरंगता असतो. पिस्टन एकाच बाजूला, आतल्या. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्याच उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना अडकल्या तर कॅलिपर सरकतच नाही. आतला पॅड एकटा राबतो, बाहेरचा नुसता बघत बसतो. (आमच्या ऑफिससारखं.) दुसरा संशयित खुद्द पिस्टन: दाबल्यावर पुढे जातो, सोडल्यावर मागे येत नाही. या दोघांपैकी कोण, हे खोलल्याशिवाय कळणार नाही.

खोलायच्या आधी एक सोपी चाचणी. पाच-सहा किलोमीटर फिरून या, शक्यतो ब्रेक कमी वापरा. थांबल्यावर दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात न्या. डिस्कला हात लावू नका. डावीकडे धग जास्त लागली तर तो ब्रेक सोडल्यावरही घासतोय.

अकरावी_गल्ली | रात्री ८:१०

धग डावीकडे स्पष्ट जास्त. उजवीकडे कोमट, डावीकडे हात धरवत नाही.

पुढच्या रविवारी खोलतो. यादी सांगा.

भट्टीवाला | रात्री ९:००

सपाट जागा. गल्लीला उतार असेल तर तिथे नको. हँडब्रेक वर, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकांना पुढून-मागून विटा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग जॅक, आणि जॅक लावल्यावर घोडी, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचा पक्का आधार. गाडीतला जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर हात आत घालायचा नाही. घोडी नसेल तर उद्यमनगरात भाड्याने विचारा, नाहीतर काम रद्द.

गोटी पाना, तारेचा ब्रश, सी क्लॅम्प, ब्रेक क्लीनर, सुतळी किंवा तार. कॅलिपर काढला की तो रबरी पाइपवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने स्प्रिंगला टांगायचा.

ग्रीस मात्र नीट ऐका. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस. बेअरिंगचं पिवळं ग्रीस घरात पडलंय म्हणून लावायचं नाही. खनिज तेलाच्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं आणि पीन आणखी घट्ट बसते.

सावध_चालक | रात्री ९:२५

ठरलंच असेल तर निदान मर्यादा ठरवा. पॅड आणि पिना एवढंच. पाइप, मास्टर सिलेंडर, एबीएस, हवा काढणे यातलं काही निघालं तर चाक परत लावा आणि गाडी जाणत्या मेकॅनिकच्या ताब्यात द्या. आणि फुंकर किंवा हवा मारून ती काळी धूळ उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने किंवा क्लीनरने ओली करूनच पुसा.

भट्टीवाला | रात्री ९:३०

सावध यांच्या शब्दाशब्दाला +१.

अकरावी_गल्ली | पुढचा रविवार, दुपारी २:१५

मंडळी, खोललं! हात काळे आहेत, शर्ट वाया गेलाय, पण सापडलं.

खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवायला गेलो तर फिरेचना. रबरी हातोडीने दोन टोले दिल्यावर हलला. बाहेरचा पॅड सव्वासहा मिलिमीटर. आतला जेमतेम दोन, तोही तिरका झिजलेला, एका टोकाला जास्त. आणि त्यावर ती पत्री, टोक घासून चकचकीत. काका, हुबेहूब तुम्ही सांगितलं तशी.

जुना पॅड मध्ये धरून सी क्लॅम्पने पिस्टन दाबला. लोण्यासारखा मागे गेला, म्हणजे पिस्टन निर्दोष. दाबण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून ठेवलं होतं. पातळी वर येत होती, थोडं सिरिंजने काढलं. गाडीच्या रंगावर एक थेंब पडला, लगेच पाण्याने धुतला, कारण ते ऑइल रंग खातं असं वाचलं होतं.

पिना: वरची हाताने सरकते. खालची फिरेना, सरकेना. पकडीने फिरवत फिरवत काढली तर आत ग्रीस नव्हतंच, चॉकलेटी चिखल होता. तिचं रबरी बूट फाटलेलं. दोन पावसाळे तिथून पाणी आत जात असणार.

डिस्कवर कडेला तांबूस कंगोरा आलाय. ती बदलायची का? व्हर्नियर आहे माझ्याकडे, १७.२ येतंय. डिस्कवर कमीत कमी १५ असं कोरलंय.

भट्टीवाला | २:४०

व्हर्नियर त्या कंगोऱ्यावर टेकतोय, म्हणून आकडा फुगलाय. पॅड जिथे घासतो तिथली जाडी हवी, त्यासाठी मायक्रोमीटर लागेल. कोल्हापुरात मायक्रोमीटर मिळणं अवघड नाही, गल्लीत दोन घरांमागे एकाचा कुणीतरी लेथवर असतो.

तांबूसपणाचं मनावर घेऊ नका. डिस्क बिडाची असते. आईचा बिडाचा तवा रात्रभर ओला ठेवला तर सकाळी जसा दिसतो, तसंच हे. बीडच का वापरतात तेही सांगतो: त्यात ग्रॅफाइटचे बारीक पापुद्रे असतात, ते थरथर गिळतात. पोलादाची थाळी वाजवा आणि बिडाचा तवा वाजवा, फरक कानाला कळेल. ब्रेकचं किंचाळणं म्हणजे थरथरच. फळ्यावर खडू एका विशिष्ट कोनात धरला की कसा किंचाळतो? अडकतो-सुटतो, अडकतो-सुटतो, सेकंदाला हजारो वेळा. पॅड आणि डिस्कचं तेच.

अकरावी_गल्ली | सायंकाळी ५:३०

शेजारच्या दादांच्या मायक्रोमीटरने चार जागी मोजलं: १६.१, १६.१, १६.०, १६.१. डिस्क शाबूत! उजवीकडची पण १६ च्या वर.

दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, कारण एकाच बाजूचा बदलला तर ब्रेक असमान लागतो असं दुकानदारानेही सांगितलं. खर्च: पॅडचा सेट १,४५०, पीन आणि बुटांचं किट २८०, ग्रीस १६०, क्लीनर ३००. एकूण २,१९०.

आता कबुली. पिस्टन मागे ढकलला की नंतर पेडल पाच-सहा वेळा मारून पॅड डिस्कला टेकवायचे असतात, हे मला माहीत होतं. मी हात धुवायला आत गेलो. तेवढ्यात धाकट्या भावाने 'दादा, गाडी सरळ लावतो' म्हणून चालू केली. पेडल थेट खालपर्यंत गेलं. त्याने हँडब्रेक ओढला म्हणून बरं, तरी समोरच्या काकूंच्या जास्वंदीच्या कुंडीला टेकलीच. कुंडी फुटली, जास्वंद वाचली.

सावध_चालक | ५:४२

मी काही बोलत नाही.

पांढरा_रस्सा | ५:४४

बोलला की भावा 😄 अकरावी, काकूंना नवी कुंडी घेऊन दे आधी. आणि पुढच्या खेपेला किल्ली खिशात ठेवून हात धुवायला जा.

इंजिनियरबाई | ६:१०

नवे पॅड डिस्कवर रुळवून घ्यायला विसरू नका. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही बघून, साठवरून दहापर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने वेग कमी करा. पूर्ण थांबायचं नाही, आणि दोन वेळांच्या मध्ये थोडं चालवून डिस्क गार होऊ द्यायची. शेवटी काही किलोमीटर ब्रेक न लावता फिरून या. नवा मसाला डिस्कवर सारखा बसतो.

अकरावी_गल्ली | बुधवार, रात्री १०:०५

सकाळी सहाला कळंब्याच्या पुढे गारगोटी रस्त्यावर जाऊन ते सगळं केलं. मोठा आवाज गेला. दोन्ही चाकांची धग सारखी.

पण एक बारीक 'चीं' राहिलाय. पार्किंगमध्ये अगदी हळू असताना, शेवटच्या दोन फुटांत, आणि फक्त डावीकडे. पॅडच्या तोंडाला ग्रीस लावू का थोडं?

भट्टीवाला | १०:०८

नाही! मसाल्याला ग्रीसचा थेंबसुद्धा लागला तर पॅड फेकून द्यायचा. ग्रीस लागतं ते पॅडच्या पाठीला, जिथे पिस्टन आणि कॅलिपर टेकतो तिथे, आणि दोन कानांना. तेही ब्रेकचंच ग्रीस, नखावर मावेल इतकं.

मला वेगळाच संशय आहे. पॅडचे कान ज्या पत्र्याच्या क्लिपांत सरकतात, त्या नव्या टाकल्यात की जुन्याच?

अकरावी_गल्ली | १०:१५

जुन्याच. वरवर पुसून.

भट्टीवाला | १०:२२

त्या काढा. क्लिपेच्या खाली ब्रॅकेटवर गंज साठतो, तो क्लिपेला वर उचलतो आणि पॅडचा कान आवळला जातो. तारेचा ब्रश मारून ब्रॅकेट पांढरंशुभ्र करा, लागलीच तर कानस हलक्या हाताने. पॅड हाताच्या बोटाने सरकला पाहिजे. हातोडीने बसवावा लागला असेल तर तिथेच चुकलं.

अकरावी_गल्ली | १०:२४

हातोडीनेच बसवला होता...

सध्या_पुण्यात | गुरुवार, सकाळी ११:३०

उत्तम धागा. अवांतर: माझी गाडी महिना-महिना कोल्हापुरात घरी उभी असते. मागच्या पावसात गेलो तर मागचं चाक हलेना, मग 'टाक' असा आवाज होऊन सुटलं. तेही हेच का?

गगनबावडेकर | ११:५०

नाही, ते मागच्या ड्रमचं. हँडब्रेक ओढून ओल्यात गाडी उभी राहिली की लायनर ड्रमला गंजाने चिकटतो. सपाट जागा असेल तर जास्त दिवस लावताना हँडब्रेक सोडा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं!

अकरावी_गल्ली | रविवार, दुपारी १:००

क्लिपा काढल्या. काका, खाली गंजाचा पापड होता अक्षरशः, नखाने निघाला. ब्रॅकेट घासून साफ केलं, ४० रुपयांच्या नव्या क्लिपा टाकल्या. पॅड बोटाने सरकतोय. या खेपेला किल्ली खिशात होती आणि पेडल मीच मारलं.

आज सकाळी आई-बाबांना घेऊन पन्हाळ्याला जाऊन आलो. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकवर सतत पाय न ठेवता. तीन दरवाजापासून वाघबीळपर्यंत चकार आवाज नाही.

तोटा एकच. काल संध्याकाळी बँकेतून घरी आलो तर चहा तयार नव्हता. आई म्हणाली, 'कळलंच नाही रे कधी आलास.'

पांढरा_रस्सा | १:०६

नाद खुळा! हॉर्न वाजवत जा आता गल्लीतनं.

सावध_चालक | १:२०

अभिनंदन, मनापासून. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं?

अकरावी_गल्ली | १:२४

आठवत नाही. चारेक वर्षं झाली असतील.

सावध_चालक | १:२९

ते हवेतलं पाणी शोषत राहतं आणि त्याचा उकळबिंदू उतरतो. लांब घाटात नेमकं ते नडतं. साधारण दोन वर्षांनी बदलायचं, डबीच्या झाकणावर लिहिलेला डॉट नंबर (ऑइलचा प्रकार) बघून. ते मात्र गॅरेजमध्येच.

भट्टीवाला | १:३५

आणि चाकाचे नट? चाक दोनदा काढलंत. शे-दोनशे किलोमीटर झाले की पुन्हा तपासायचे. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, त्या आकड्याला टॉर्क रेंचने. पान्यावर उभं राहून नव्हे.

अकरावी_गल्ली | १:३८

पान्यावर उभा राहूनच केले होते. टॉर्क रेंच मागायला निघालो शेजारच्या दादांकडे.